दोन वेळचे फोटो

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे बाबांना मला कधीच धड सांगता आलं नाही. मी दिल्लीत, देशाच्या संरक्षण मंत्रालयात आहे, एवढं त्यांना ठाऊक आहे आणि तेवढं त्यांना पुरतं. "हमारी लड़की डिफेन्स में है," असं ते भिलाईत, सेक्टर 10 च्या बागेतल्या बाकावर बसून इतर रिटायर्ड मंडळींना सांगतात आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वर्दी अन् बूट उभे राहतात. शेजारच्या क्वार्टरमधल्या तेलुगू काकांनी तर एकदा मला, बंदूक सुट्टीत घरी आणू देतात का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. माझ्याकडे एक स्टेपलर आहे. तोही अधूनमधून अडकतो.

मी लक्ष्यं ठरवण्याच्या शाखेत आहे. हिवाळा लागला की मंत्रालयातल्या प्रत्येक विभागाने पुढच्या वर्षी आपण काय करून दाखवणार, हे लिहून द्यायचं असतं. जहाजांची दुरुस्ती, खरेदीचे करार, माजी सैनिकांच्या तक्रारी, छावण्यांमधली पाण्याची सोय, सगळं. ते कागद आमच्याकडे येतात आणि आम्ही एकच प्रश्न विचारतो, हे मोजणार कसं? कुणी 'सज्जता वाढवणे' असं लिहिलं की कागद परत. वाढवणे म्हणजे किती, आणि वाढली हे वर्षअखेरीला कशावरून कळणार? मग ते बिचारे मोजता येईल असं काहीतरी शोधून आणतात, आम्ही त्याला उत्कृष्ट, चांगलं, ठीकठाक असे दर्जे लावतो आणि पुढचा कागद ओढतो. संरक्षण ही मुळातच मोजायला चमत्कारिक गोष्ट. सगळं नीट चाललं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणं कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला अजून जमलेलं नाही. इतकी वर्षं हे करून माझी नजरच तशी झाली आहे. मोजता येत नाही ते मला दिसत नाही.

बाबांना मात्र टार्गेट हा शब्द घरचा. भंडाऱ्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातून ते भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात आले आणि तिथल्या प्लेट मिलमधून रिटायर झाले. आई पोळ्या लाटते आणि बाबा प्लेटा लाटतात, हा आमच्या घरातला जुना विनोद. त्यांच्या मिलमध्ये एक काळा फळा असायचा, त्यावर खडूने एकीकडे 'लक्ष्य' आणि दुसरीकडे 'उपलब्धि'. महिन्याचा रेकॉर्ड झाला की प्रत्येकाला मिठाईचा डबा मिळे. बाबा तो सायकलच्या हँडलला अडकवून आणत आणि आईच्या हातात देताना म्हणत, "घे, माह्या घामाचे लाडू." त्या बेसनाला पुठ्ठ्याचा वास यायचा, तो मला अजून आठवतो. आई ते लाडू हौसेनं कधी खात नसे. रेकॉर्डच्या महिन्यात बाबा पाळीवर पाळी करत आणि रात्री तिला एकटीलाच ताट वाढून घ्यावं लागे. मी तोवर झोपलेली असायची.

आई गेली आणि बाबा त्या क्वार्टरमध्ये एकटे राहिले. मी एकुलती एक, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि नोकरी दिल्लीत. सुरुवातीला मी रोज फोन करून विचारायची, जेवलात का? ते म्हणायचे, जेवलो. तेवढाच शब्द. त्याच्यामागे काय आहे, काहीच दिसायचं नाही. एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं आणि मी ऑफिसातलं शहाणपण घरी आणलं. दोन वेळचं जेवण, बीपीची गोळी, बागेतला फेरा, असं सगळं ठरवून दिलं, आणि जेवणाचा पुरावा म्हणून ताटाचा फोटो मागितला.

"फोटो कायले पायजे?" बाबा म्हणाले. "मी सांगून राहिलो ना, जेवलो म्हणून."

"मोजता आलं पायजे, बाबा."

तिकडून हसण्याचा आवाज आला. "तू तं माह्या फोरमनच्याही वर गेली."

पण फोटो यायला लागले. सकाळी एक, रात्री एक, न चुकता. भात, वरण, कधी वांगं, कधी लाल भाजी, कडेला लिंबाची फोड. बैठकीत असले तरी मी टेबलाखाली फोन उघडून बघायची, एक अंगठा पाठवायची आणि फोन बंद. विचारायचं होतं ते फोटोतच कळायचं, त्यामुळे रोजचं बोलणं हळूहळू सुटलं आणि रविवारच्या फोनवर आलं. बाबांची कामगिरी उत्कृष्ट होती. मी निर्धास्त होते.

तरीही गेल्या हिवाळ्यात मी भिलाईला निघाले, ती या वेळी बाबांना दिल्लीला घेऊनच यायचं असं ठरवून. त्याला कारण झालं रविवारचं बोलणं. बाबा मराठीत अडखळायला लागले होते. वाक्य आपल्या बोलीत सुरू करायचे आणि मधेच थांबून हिंदीत जायचे, शब्द हरवल्यासारखे. दूधवाला, भाजीवाली, बाग, दवाखाना, दिवसभर सगळीकडे हिंदी नाहीतर छत्तीसगढी. आई होती तोवर घरात तरी आपली भाषा होती. आता त्यांना मराठी बोलायला मी होते, तीही आठवड्यातून एकदा. हे लक्षात आलं तेव्हा मला भीती वाटली.

रजा मिळाली ती ऐन लक्ष्यांच्या मोसमात, त्यामुळे लॅपटॉप बरोबर घेऊनच भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनला उतरले. क्वार्टर तसंच होतं. दारात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड, खिडकीच्या कठड्यावर ती लालसर धूळ. आई रोज पुसायची आणि ती रोज परत यायची. जेवणाच्या टेबलावर आईने घातलेला फुलांचा प्लास्टिकचा कपडाही तोच होता. मी त्यावर लॅपटॉप मांडला आणि समोर बाबा पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलायला बसले.

साहेबांनी त्या वर्षी माझ्याकडे एक अवघड ओळ दिली होती. 'दूरच्या चौक्यांवरील जवानांचं एकाकीपण कमी करणे.' कुणीतरी मोठ्या मनाने लिहिलं होतं आणि मोजायचं कसं, ते आमच्यावर सोडलं होतं. मला काही ते फार जड वाटलं नाही. किती चौक्यांवर फोनची सोय झाली आणि जवानांनी घरी किती कॉल केले, हे दोन आकडे मागवले की झालं.

"काय लिहून राहिली?" बाबांनी विचारलं.

"जवानाइले एकटं वाटू नये म्हणून काय करा लागते, ते."

"मंग, काय करून राहिले त्याइच्यासाठी?"

"फोन देऊन राहिलो."

बाबांनी एक शेंग उलगडली, दाणे वाटीत टाकले. "फोन चांगला राहते," म्हणाले आणि पुढची शेंग उचलली. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे.

दिल्लीचा विषय मी आल्या आल्याच काढला होता. बाबा म्हणाले, "पाहू ना." पुन्हा काढला तेव्हा म्हणाले, "सुट्टी हाय ना तुही अजून? जेव आधी." आणि आम्ही जेवायचो. आई करायची तशी पोपटीच्या दाण्यांची वांगं घालून भाजी मी केली, लाल भाजी केली, तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी दिली. बाबा दोन्ही वेळा माझ्यासमोर बसून मागून मागून जेवले, भात संपला तर भांडं खरवडून. हे पाहून माझाच निश्चय ढिला पडायला लागला. माणूस चांगला खातोय, पितोय, उगीच कशाला त्याला मुळासकट उपटायचं?

मग एका सकाळी मी सिव्हिक सेंटरला बँकेच्या कामाला गेले. बँकेचा सर्व्हर बंद होता, त्यामुळे लगेच परत आले. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा स्वयंपाकघरात, खिडकीजवळ उभे. ओट्यावर वाढलेलं ताट आणि त्यांच्या हातात फोन. त्यांनी फोटो काढला. मग भाजी वाटीतून परत पातेल्यात ओतली, लिंबाची फोड उजवीकडून डावीकडे ठेवली, गोल ताट बाजूला सारून खणांचं ताट घेतलं, त्यात लाल भाजी वाढली आणि पुन्हा फोटो काढला. त्यानंतर ते सगळंही काळजीपूर्वक जिथल्या तिथे परत गेलं. मी दारातच उभी होते.

"बाबा, काय करून राहिले?"

ते दचकले वगैरे नाहीत. "स्टॉक करून ठेवून राहिलो," म्हणाले. "तू गेल्यावर लागन ना. तुह्या हातची भाजी हाय तोवर काढून घेतो. फोटो चांगला येते."

मला समजायला थोडा वेळ लागला. मी स्टुलावर बसले, फोन उघडला आणि मागे मागे जात त्यांचे जुने फोटो बघायला लागले. रात्रीच्या प्रत्येक ताटावर ऊन होतं. भातावर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडलेल्या. कितीतरी महिन्यांची रात्रीची जेवणं, सगळी लख्ख उन्हात. पुरावे तपासण्याचा पगार घेणारी मी, मला ते दिसलं नव्हतं. मी फोटो मागितला होता आणि फोटो येत होता.

"रात्री जेवत नाही तुमी?"

"जेवतो ना. चहा-पाव होते. कधी मुरमुरे."

"पण कावून, बाबा?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले, टॉवेलला पुसले. एवढं सगळं करून मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी भूक राहते, जेवल्या जाते. रातच्याला ताट घेऊन बसलं का समोरची खुर्ची दिसते. मंग घास उतरत नाही." टॉवेल खुंटीला अडकवला. "तुही आई म्हणे मले, रेकॉर्डच्या महिन्यात. एकटीनं घास उतरत नाही जी, म्हणे. मी म्हणो, लाडू खाय मंग."

मला राग आला. आवाज चढवून मी म्हणाले, हे मले सांगता येत नव्हतं? फोटोचं नाटक कशाला केलं?

"सांगितलं असतं तं तू काय केलं असतं? टेन्शन घेतलं असतं तिथं बसून," ते म्हणाले. "फोटो पाठवला का तुहा अंगठा येते. अंगठा आला का मले बरं वाटते. चला, पोट्टीचं एक काम झालं."

ते माझं टार्गेट पुरं करत होते. मी रागावून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले, मुनग्याखाली, आणि मला तिथे रडूही येईना. प्लांटचा भोंगा झाला. कुणीतरी सायकलवरून जाताना मला नमस्कार केला आणि मी हसून परत केला.

दुपारी मी सरळच विचारलं, दिल्लीला येता का नाही, काय ते सांगा. मला उत्तर हवं होतं. बाबांनी उलट मलाच विचारलं, "तू घरी किती वाजता येते?"

"आठ. कधी उशीर होते."

"अन् जेवते काय?"

"करते काहीतरी."

"खरं सांग."

"कधी खिचडी. कधी बिस्किटं."

"कोणासोबत?"

मी टेबलावरच्या कपड्याची दुमडलेली कड सरळ केली.

"मंग मी तिथं येऊन काय करू, बाई?" बाबा म्हणाले. "दिवसभर तुही वाट पाहीन, अन् तू आली का थकून झोपशीन. इथचं एकटं राहणं माह्या ओळखीचं हाय. तिथचं नव्यानं शिका लागन, या वयात." आणि मी तोंड उघडण्याआधीच पुढे म्हणाले, "अन् तू इकडं यायचा विचार करू नको. डिफेन्स सोडून आली म्हणून बागेत काय सांगू मी?"

तो विचार माझ्या मनात खरंच आला होता. त्या दुपारी मी तो सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिला. या गावात मला कोण ओळखतं? शाळेच्या मैत्रिणी लग्न होऊन कुठे कुठे गेल्या. माझं म्हणावं असं दिल्लीतही कुणी नाही, पण तिथे निदान सकाळी जायला एक टेबल आहे. बाबांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, "असं करू. आता मी रातचा फोटो रातीच काढतो. खरा. पण तू बी पाठव तुह्या ताटाचा. दोघाइचं टार्गेट." मी हो म्हणाले. दुसरं देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.

त्यानंतर मला ती जवानांची ओळ काही केल्या लिहिता येईना. किती कॉल झाले, हा आकडा बघितला की मला भातावरच्या गजांच्या सावल्या दिसायच्या. शेवटी मी साहेबांना फोन करून म्हटलं, कॉल मोजण्याऐवजी जवानांना जाऊन विचारायचं का, जेवताना तुमच्याबरोबर कोण असतं म्हणून? साहेब चांगला माणूस आहे, चेष्टा केली नाही. थोडं हसले आणि म्हणाले, "मॅडम, इसे नापेंगे कैसे?" माझाच प्रश्न, माझ्याच पद्धतीने. मी फोनची सोय आणि कॉलची संख्या लिहून कागद पाठवून दिला. तो पहिल्या फेरीतच मंजूर झाला.

निघताना बाबा दुर्ग स्टेशनापर्यंत आले. डब्यात त्यांनी स्वतः केलेली भाजी-पोळी दिली आणि गाडी हलली तेव्हा हात वर करून, "रातचा फोटो!" असं ओरडले. गाडीतल्या लोकांना ते काय वाटलं कोण जाणे. भिलाई-3 स्टेशन मागे गेलं तरी मी तोंडावर ओढणी घेऊन रडतच होते. समोरच्या बाईंनी मला पाणी दिलं.

दिल्लीत आल्यावर सुरुवातीला मी नियमाने खिचडी करायची, ताटात वाढून फोटो पाठवायची. बाबांचेही फोटो यायचे, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात काढलेले, थोडे हललेले. भात मूठभर, पण रात्रीचा. मग ऑफिसात कामाचा रेटा वाढला. सगळ्या विभागांचे कागद एकदम येऊन पडले, घरी पोचायला उशीर व्हायला लागला आणि खिचडीसाठी तांदूळ धुणं हेसुद्धा डोंगराएवढं काम वाटायला लागलं. एका दुपारी कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर माझ्यापुढे थाळी आली. पुऱ्या, दोन भाज्या, डाळ, दही. ताट छान दिसत होतं. मी फोन काढला आणि एक फोटो घेतला.

रात्री घरी आले, पर्स खांद्यावरच होती, पलंगाच्या कडेला बसले आणि तो फोटो बाबांना पाठवला. शेजारी बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला होता. मंत्रालयात एखादी ओळ मार्गी लागली की जसं वाटतं, तसंच अगदी मला वाटलं. झालं.

फोन वाजला. रविवार नसताना बाबा कधी फोन करत नाहीत.

"जेवली?"

"हो. फोटो पाठवला ना."

"पाहून राहिलो. चांगलं ताट हाय. दही बी हाय." मी पुड्यातलं एक बिस्किट काढलं. "रातचे नऊ वाजून राहिले, अन् तुह्या ताटावर ऊन पडून राहिलं, बाई."

मला आधी हसू आलं. मोठ्याने हसले मी. ते हसू कधी रडण्यात गेलं मला कळलं नाही आणि थांबवताही येईना. बाबांनी माझं सगळं होऊ दिलं.

"मी बी चहाच घेतला आज," ते मग म्हणाले. "स्टॉकमधला पाठवणार होतो. तुह्या पोपटीच्या भाजीचा. एकच उरला हाय तो." आणि लगेच, "तांदूळ हाये का घरी?"

"हाये."

"टाक मंग. फोन ठेवू नको. मी बी टाकतो."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि तांदूळ धुतले. तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, डब्याचं झाकण पडल्याचा, लायटर दोनदा ओढल्याचा. त्यांचा कुकर आधी झाला, पण ते माझ्या शिट्ट्या होईपर्यंत थांबले. मग आम्ही जेवलो. भात आणि लोणचं, दोघांचंही. फोन ताटाजवळ होता आणि बाबांच्या घास चावण्याचा, पाणी पिण्याचा आवाज येत होता.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"ठेवतो मंग."

"ठेवा."

पण ठेवला कुणीच नाही. तिकडे नळ सोडल्याचा आवाज आला. बाबा त्यांचं एक ताट धूत होते. मी उठले आणि माझं एक धुतलं.